मॅम्मीला नावं ठेवण्याआधी

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जगभरातल्या 'बघूनच नको वाटणाऱ्या' पदार्थांचं एक पान आलंय, त्यात फिनलंडच्या मॅम्मीचा फोटो सगळ्यात वर आहे आणि खाली दोन ओळी, की हा ख्रिसमसला खातात, चॉकलेट पुडिंगसारखा असतो आणि फिनिश लोकांच्या घशाखाली तरी तो कसा उतरतो कोण जाणे. मी फिनलंडमधल्या तुर्कू शहरात राहते, इथल्या एका पाळणाघराच्या किचनमध्ये कामाला आहे, रोज सकाळी मोठ्या पातेल्यात लापशी ढवळणं हेच माझं काम, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही आणि मेल करतेय. जरा लांबेल, पण छापा.

आधी सरळसरळ चुका. मॅम्मी ख्रिसमसचा पदार्थ नाही, ईस्टरचा आहे. त्यात चॉकलेट नाही, दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही. आहे काय तर पाणी, राय या धान्याचं पीठ, रायलाच मोड आणून वाळवून दळलेलं माल्ट, मीठ, कडू संत्र्याच्या सालीची पूड आणि हल्ली वरून थोडं काळं सिरप. एवढंच. चॉकलेटचा रंग दिसतो म्हणून चॉकलेट लिहून टाकलंत, पण तो रंग धान्य भट्टीत तासन् तास राहून आलेला असतो. आणि पुडिंग म्हणण्यापेक्षा ती भाजलेली लापशी आहे, म्हणजे इथे ज्याला पूरो म्हणतात त्याच घरातली, फक्त वर्षातून एकदाच येणारी.

आता दिसण्याबद्दल. दिसायला ती चांगली नाहीये, हे इथले लोक स्वतःच सांगतात आणि त्यावरचे जोक पण तेच करतात, असे जोक की तुमच्या पेपरात छापता येणार नाहीत. माझ्या किचनमधल्या निम्म्या बायका ती तोंडाला लावत नाहीत. मला स्वतःला त्यातल्या संत्र्याच्या सालीचा कडसरपणा जरा जास्तच वाटतो, ती काही माझी लाडकी वगैरे नाही. पण एखादी गोष्ट आवडत नाही म्हणणं वेगळं आणि ती काय आहे हे न बघताच फोटो टाकून हसणं वेगळं, आणि मॅम्मीच्या बाबतीत तर फोटोत दिसत नाही तेच खरं बघण्यासारखं आहे.

आमच्या बिल्डिंगमधल्या एक आजी अजून घरी करतात. बहुतेक लोक दुकानातूनच डबा आणतात कारण हा अख्ख्या दिवसाचा व्याप आहे. त्या पाणी गरम करतात, उकळतं नाही पण हात घालवणार नाही असं, त्यात थोडं राय पीठ आणि माल्ट घालून गुठळ्या राहू न देता फेटतात, मग वरून पिठाचा एक थर नुसता पसरून ठेवतात, झाकण घालतात आणि पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून तासभर बाजूला. ढवळायचं नाही, उघडून बघायचं नाही. तासाने उघडलं की वरचा थर आत मिसळायचा, पुन्हा गरम पाणी, पुन्हा पीठ आणि माल्ट, पुन्हा गुंडाळून ठेवायचं, असं मोठ्या पातेल्याला तीनचार वेळा तरी चालतं. आणि यात एक गंमत होते ती मी स्वतः चमच्याने चाखून बघितली आहे. सुरुवातीला पिठाची जी घट्ट, फिकट, बेचव पेज असते ती ठेवून ठेवून उलट पातळ व्हायला लागते, आणि गोड लागते. साखरेचा एक दाणा घातलेला नसताना गोड.

कारण अगदी शाळेतल्या पुस्तकातलं आहे. धान्याला मोड येतात तेव्हा त्यात एन्झाइम तयार होतात जे स्टार्च तोडून त्याची साखर करतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून बाळासाठी सत्त्व करतात ते पचायला हलकं आणि किंचित गोड लागतं, त्यामागे हेच. फक्त मॅम्मीत हे काम पातेल्यातच मुद्दाम लांबवलेलं असतं. साधारण ६० ते ७० डिग्रीच्या आसपास ते एन्झाइम जोरात काम करतात, त्याहून फार गरम झालं तर मरतात आणि थंड पडलं तर पीठ गोड होण्याऐवजी आंबायला लागतं. म्हणून तो टॉवेल, म्हणून तो वरचा पिठाचा थर. थर्मामीटर नसलेल्या काळात बायकांनी हे नुसत्या हाताच्या अंदाजाने बसवलंय, आणि माल्टसुद्धा त्या घरीच करायच्या, रायला मोड आणायचे आणि सॉनात वाळवायचे. हो, तोच सॉना, अंघोळीची गरम वाफेची खोली. खेड्यात सॉना म्हणजे नुसती अंघोळीची जागा नव्हती, माल्ट वाळवणं, मांस धुरावर धरणं, बाळंतपण, सगळं तिथेच.

मग शेवटी हे सगळं उकळायचं, मीठ आणि संत्र्याच्या सालीची पूड घालायची, ढवळत ढवळत निववायचं आणि पसरट डब्यांत भरून मंद ओव्हनमध्ये तीनेक तास. डबा काठोकाठ भरायचा नाही, उतू जातं. पूर्वी डबे बर्च झाडाच्या सालीचे असायचे, सालीचा चौकोनी तुकडा कोपऱ्यांत दुमडून आणि काडीने टाचून केलेले. आता कागदी पुठ्ठ्याचे असतात, आणि त्या पुठ्ठ्यावर बर्चच्या सालीचंच चित्र छापलेलं असतं, जे मला दरवेळी बघून हसू येतं. भाजून झाल्यावरही लगेच खायचं नाही, थंड जागी दोनतीन दिवस मुरू द्यायचं, मग चव धरते.

आता हे असं का, एवढा खटाटोप कशाला, तर त्याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. ईस्टरच्या आधीचा शुक्रवार, गुड फ्रायडे, इथे त्याला 'लांब शुक्रवार' म्हणतात. त्या दिवशी जुन्या फिनिश घरात चूल पेटवायची नाही, काम करायचं नाही, हसायचं खेळायचं सुद्धा नाही. पोरांना तो दिवस खरंच लांब वाटत असणार. त्याच्या आधीचे आठवडे उपासाचे, दूध-लोणी-अंडी बंद असण्याच्या काळातले, म्हणजे जेव्हा हा देश कॅथलिक होता तेव्हाचे. मग असा पदार्थ हवा जो आधी करून ठेवता येईल, थंडच खाता येईल, आठवडाभर टिकेल, उपासाला चालेल आणि तरी सणासारखा गोड लागेल, तेही अशा देशात जिथे साखर म्हणजे श्रीमंतांची चैन होती. घरात काय आहे? राय आहे, पाणी आहे, आणि भाकरी काढल्यावर अजून गरम असलेली मोठी भट्टी आहे. झाली मॅम्मी. दूध किंवा क्रीम ओतून वर साखर भुरभुरून खायची पद्धत नंतरची, आधी तर लोक ती चक्क ब्रेडवर लावून खायचे.

आणखी एक, तुम्ही 'फिनलंडचा राष्ट्रीय पदार्थ' लिहिलंय तेही बरोबर नाही. मुळात ही नैऋत्य फिनलंडची, म्हणजे आमच्या तुर्कूच्या बाजूची आणि साताकुन्ता, हॅमे या भागांतली. पूर्वेकडे, कारेलियात, ऑर्थोडॉक्स घरांत ईस्टरला पाशा करायचे, तो दह्याच्या चक्क्यासारख्या चीजचा, लोणी, अंडी, बेदाणे घातलेला, पांढरा शुभ्र. म्हणजे एकाच देशात एका टोकाला सण काळा आणि दुसऱ्या टोकाला पांढरा. विसाव्या शतकात बेकऱ्या आणि कारखाने मॅम्मी करायला लागले तेव्हा ती सगळीकडे पोचली, आणि दुसऱ्या महायुद्धात कारेलियातली लाखो माणसं घरं सोडून या बाजूला आली तशी पाशा इकडे आली, आता दुकानात दोन्ही एकाच फ्रीजमध्ये शेजारी शेजारी असतात. आणि राष्ट्रीय पदार्थच म्हणाल तर २०१७ साली, स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षी, मतदान झालं होतं आणि निवडून आला राय ब्रेड. पुन्हा रायच, पण मॅम्मी नाही.

ख्रिसमसचा घोळ तुमचा कसा झाला असेल याचा मला अंदाज आहे. ख्रिसमसला इथे लापशी असतेच, पण ती तांदळाची, रीसीपूरो. २४ डिसेंबरला दुपारी बारा वाजता आमच्या तुर्कूत जुन्या चौकातल्या ब्रिंक्काला वाड्याच्या बाल्कनीतून 'ख्रिसमसची शांतता' जाहीर करतात, गुंडाळी उघडून जुना मजकूर वाचून दाखवतात, टीव्हीवर लाइव्ह असतं, आणि देशभर कितीतरी घरांत त्याच सुमाराला लोक रीसीपूरोची वाटी घेऊन बसलेले असतात. साधारण दोन डेसिलिटर आखूड दाण्याचा तांदूळ, तीन डेसिलिटर पाणी आणि एक लिटर दूध. आधी तांदूळ पाण्यात शिजवून पाणी आटवायचं, मग दूध घालून मंद आचेवर पाऊण तास, आणि लक्ष हटलं की तळाला लागलीच. साखर शिजवताना घालत नाहीत, मीठ घालतात. साखर आणि दालचिनी ज्याने त्याने वरून, मधे लोण्याचा गोळा. आत एकच बदाम टाकलेला असतो, ज्याच्या वाटीत निघेल त्याचं वर्ष चांगलं, किंवा त्याचं लग्न लवकर, जसं घर तसा अर्थ. आणि एक वाटी सॉनात किंवा धान्याच्या कोठारात तोन्त्तूसाठी, म्हणजे घराची राखण करणाऱ्या छोट्या म्हाताऱ्यासाठी. त्याला लापशी दिली नाही तर तो रुसतो आणि वर्षभर गुरांना त्रास देतो अशी समजूत.

यातही एक बघण्यासारखं आहे की तांदूळ इथे पिकतच नाही. आधी ख्रिसमसची लापशी सातूचीच असायची, तांदूळ परदेशातून यायचा, महाग, म्हणून आधी मोठ्या लोकांच्या घरी आणि मग हळूहळू सगळ्यांच्या सणाला. आता विचारलं तर पोरं छातीठोकपणे सांगतील की तांदळाची लापशी ही आमची जुनी परंपरा. आहेच की, शंभर दीडशे वर्षं म्हणजे परंपरा व्हायला पुरतात. तेच कारेलियन पीराक्काचं, रायच्या पातळ पोळीच्या कडा चिमटून आत लापशी भरतात तो, त्यात आज तांदूळ भरतात पण जुन्या काळी सातू भरायचे. २००३ साली युरोपियन युनियनने त्याच्या पारंपरिक कृतीला संरक्षण दिलं.

रोजच्या पूरोबद्दल मी लिहायला बसले तर तुमचं पान पुरायचं नाही, तरी थोडं लिहितेच कारण ते माझं कामच आहे. आमच्या पाळणाघरात सकाळी लापशी असते आणि आठवड्यात ती बदलत राहते, ओट्सची, रायची, रव्याची, मिश्र धान्याची. दोन-तीन वर्षांची पोरं स्वतः वाटी घेऊन रांगेत येतात आणि त्यांना एकच गोष्ट महत्त्वाची असते, लापशीच्या मधोमध चमच्याने खळगा करून त्यात लोण्याचा तुकडा ठेवायचा, तो वितळून पिवळा गोल झाला की त्याला 'लोण्याचा डोळा' म्हणतात. मग कडेने खात खात डोळ्याकडे जायचं, प्रत्येक चमचा त्या डोळ्यात बुडवून. एखाद्याचा डोळा मी चुकून ढवळून टाकला तर रडारड. जुन्या काळी शेतावरच्या घरात लापशीची एकच मोठी लाकडी परात टेबलाच्या मधे असायची, सगळे आपापला लाकडी चमचा घेऊन आपापल्या बाजूने खायचे, लोण्याचा डोळा सगळ्यांचा सामायिक, आणि त्यावरून भांडणं होत नसतील असं मला तरी वाटत नाही.

सगळ्यात सुंदर म्हणजे विस्पीपूरो, हिचा फोटो छापायचा होता तुम्ही. रानातली लालबुंद पुओलुक्का बोरं (यांना लिंगनबेरी पण म्हणतात) पाण्यात उकळायची, साखर आणि रवा घालून शिजवायचं, पूर्ण गार करायचं आणि मग मिक्सरने फेटत राहायचं. दहा मिनिटांत लाल लगदा फुगून फिकट गुलाबी होतो, आईस्क्रीमसारखा हलका. थंड दुधाबरोबर खातात. आणि ती बोरं कुणाच्याही जंगलात जाऊन कुणीही तोडू शकतं, जमीन कुणाची का असेना, इथे तो प्रत्येकाचा हक्क आहे. पुओलुक्कामध्ये मुळातच बेन्झोइक अॅसिड असतं म्हणून ती नुसत्या पाण्यात बुडवून ठेवली तरी हिवाळाभर टिकते, फ्रीज नसतानाही टिकायची.

तुमच्या लेखाचा सूर असा आहे की ही गरिबांची खाणी, बिचारे काय करतील. गरिबीचं म्हणाल तर खरंच आहे. १८६६ ते ६८ मध्ये इथे जो दुष्काळ पडला, ६७ सालच्या वसंतात तळी जूनपर्यंत गोठलेली होती आणि सप्टेंबरातच हिमाने पीक गेलं, त्यात देशातली साधारण आठ टक्के माणसं गेली. पाइनच्या सालीचं पीठ मिसळून भाकरी खाल्ली लोकांनी. आणि पुढे याच देशाने १९४३ साली कायदा केला आणि १९४८ पासून शाळेतल्या प्रत्येक मुलाला रोज फुकट गरम जेवण द्यायला सुरुवात केली, जगात असं करणारा पहिला देश. तेव्हा शाळेत काय शिजायचं? सूप आणि लापशी. दूध-ब्रेड पोरं घरून आणायची आणि शाळेसाठी रानातून पुओलुक्का गोळा करून द्यायची. आज जो फिनिश शिक्षणाचा एवढा गवगवा होतो, त्यातल्या जेवणाच्या भागाची सुरुवात या पातेल्यातून झालीये, ती बिचारी वगैरे काही नाही.

आणि फिनलंडच्या जेवणाला हसणारे तुम्ही पहिले नाही, मोठमोठे लोक होऊन गेलेत. २००५ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शिराक बोलून गेले की ब्रिटनपेक्षा वाईट जेवण कुठलं तर फिनलंडचं, आणि त्याच वर्षी इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी यांनी पण इथलं जेवण सहन करावं लागलं असं म्हणून घेतलं. इथल्या कोतिपिझ्झा नावाच्या चेनने काय केलं, धुरी दिलेल्या रेनडिअरच्या मांसाचा पिझ्झा काढला, त्याला नाव दिलं 'बर्लुस्कोनी' आणि २००८ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत बक्षीस मारलं. फिनिश लोक रागावतात ते असे.

उलट बाजूचाही मला तितकाच कंटाळा आहे, तोही सांगून टाकते. हल्ली लापशीवर लेख आला की तो एकतर चेष्टेचा नाहीतर 'सुपरफूड'चा. ओट्समुळे कोलेस्टेरॉल, फायबर, वजन, काचेच्या बरणीत रात्रभर भिजवलेले ओट्स आणि वर चिया. ते असेल खरं, मी डॉक्टर नाही. पण आमच्या आजी मॅम्मी करतात त्या फायबरसाठी करत नाहीत, आणि सकाळी आठ वाजता लोण्याचा डोळा करणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला कोलेस्टेरॉलचं काही पडलेलं नसतं.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या अंकात ईस्टर आणि चॉकलेटची दुरुस्ती छापा. आणि तुमच्या वाचकांपैकी कुणी मार्च-एप्रिलकडे हेलसिंकीला किंवा इकडे येणार असेल तर कुठल्याही सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये मॅम्मीचा डबा मिळतो, वर्षाच्या सुरुवातीपासूनच दिसायला लागतो आणि ईस्टर झाला की दोन दिवसांत गायब. सगळ्यात छोटा डबा घ्या. सोबत क्रीमची छोटी डबी घ्या, गोड नसलेली, आणि साखर. मॅम्मी थंडच वाढायची, गरम करायची नाही, वर क्रीम भरपूर ओतायचं, अगदी बेट दिसेल इतकं, मग साखर. पहिला चमचा छोटा. आवडली नाही तर तसं मोकळेपणी सांगा, इथे कुणाला वाईट वाटत नाही, उलट लगेच दोन तट पडतात आणि तुमच्या बाजूने निम्मं टेबल असतं. पोरं बरोबर असतील तर त्यांच्यासाठी विस्पीपूरो बघा, ती तयार कपात मिळते, दुधाच्या सेक्शनमध्ये.

कळावे,
आपली एक वाचक,
तुर्कू, फिनलंड